चौथ्या खांबाची फट

रुपराव मिस्त्रीनं बांधलेली घरं बघायची म्हटली तर नंदनवनपासून सक्करदऱ्यापर्यंत पायी फिरावं लागेल, आणि तरी दोन-चार राहूनच जातील. चाळीस वर्षं थापी चालवली गड्यानं. त्याचा नियम एकच, आणि तोही त्याच्या उस्तादानं टाळक्यात टपल्या मारमारून शिकवलेला: सांधा उघडा सोडायचा नाही. दोन विटांमध्ये बोट शिरलं तर त्या भिंतीला भिंत म्हणायचं नाही. कुणाकडे जेवायला गेला तरी ह्या गृहस्थाचं अर्धं लक्ष ताटात आणि अर्धं चौकटीत. यजमानीण भाजी वाढायला उभी, आणि हा आपला खिडकीच्या कडेनं बोट फिरवून पाहतोय. त्याची बायको प्रयागबाई अशा वेळी कपाळाला हात लावायची आणि शेजारच्या बाईशी भलतंच काहीतरी बोलायला लागायची.

अशा माणसाच्या पोटी श्वेता जन्माला आली, आता बोला. पोरगी इंजिनियर झाली, धरमपेठेतल्या एका लहानशा ऑफिसात लागली, आणि तिनं आपल्याच वस्तीत, शेंडे लेआउटमध्ये, असं एक सभागृह उभं केलं की ज्याला पायाच नव्हता.

शेंडे लेआउट म्हणजे नंदनवनच्या मागे, नाला जिथं वळण घेतो तिथली दीडएकशे घरांची वस्ती. वर पाऊस झाला की खाली ह्यांची भांडीकुंडी फळीवर चढायची. दोन वर्षांपूर्वी पूर आला तेव्हा प्रयागबाईचे गुडघे आधीच गेलेले होते. तिला बाजेसकट घराच्या स्लॅबवर चढवलं, आणि ती माउली अकरा तास भर पावसात डोक्यावर ताडपत्री धरून बसली. अंगणवाडीतले तांदूळ, पाट्या, पोरांना तोलायचा काटा, सगळं वाहून गेलं. त्यानंतर महिनाभर प्रयागबाई खोकत होती, आणि तिच्या बाजेशेजारी बसून श्वेता कागदावर रेघोट्या ओढत होती.

त्या रेघोट्यांतून जे निघालं त्याला सरकारी कागदावर 'तरंगतं सभागृह' म्हणतात. वस्तीनं त्याचं नाव ठेवलं डोंगा, म्हणजे होडी. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, पत्र्याचं छप्पर, हलक्या भिंती, चहूबाजूंनी कठडा. खाली लोखंडी पिंजऱ्यात तोंडं बंद केलेले निळे ड्रम, शंभराच्या वर. हे सगळं धूड तीन फूट खोल हौदात नुसतं टेकवलेलं. चार कोपऱ्यांना चार उंच लोखंडी खांब जमिनीत खोल गाडलेले, आणि सभागृहाच्या प्रत्येक कोपऱ्याला एकेक जाड कडं, हातात बांगडी असते तसं त्या खांबात ओवलेलं. हौदात पाणी शिरलं की ड्रम तरंगणार, सभागृह खांबांना धरून वर सरकणार, आणि पाणी उतरलं की आपल्या जागी येऊन बसणार. एरवी तिथं अंगणवाडी भरायची. पूर आला की ज्यांना पळता येत नाही त्यांनी तिथं जायचं. श्वेतानं हे इतक्यांदा समजावलं होतं की अंगणवाडीच्या पुष्पलताबाई ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायच्या.

हौदाचं बांधकाम रुपरावनंच केलं. केलं खरं, पण मनातून त्याला काही पटलं नव्हतं. पाया नाही, ते घर कसलं. पोरगी म्हणायची, जमिनीला बांधून ठेवलं तर बुडेल, मोकळं सोडलं तर वाचेल. रुपराव हो हो करायचा, आणि पोरीची पाठ वळली की प्रयागबाईला म्हणायचा, शिकली पोरगी, पण विटेला हात नाही लावला तिनं कधी.

खरा काटा रुतला तो त्या कड्यांचा. कडं आणि खांब ह्यांच्यामध्ये चांगली दोन बोटं फट होती. वारा सुटला की चारही कडी खडखड वाजायची. आणि बरोबर समोर, नाल्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर, रोज दुपारी मधुकरराव बसायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, रुपरावचे जुने शेजारी, माणूस दिलाचा चांगला पण जिभेला हाड नाही. एक दिवस कडी वाजली, तसे ते पान चघळत म्हणाले, "रुपराव, पोरीचं काम खिळखिळं दिसून राहिलं गा. तुह्या घरचं नाही वाटत."

झालं. जेवताना दाताखाली खडा यावा तसं ते वाक्य रुपरावला लागलं. संध्याकाळ गेली, रात्र गेली, खडा काही निघेना. सकाळी त्यानं श्वेताला विचारलं. ती हेल्मेट घालत होती, ऑफिसला उशीर झालेला. ती फट मुद्दाम ठेवली आहे, तिला हात लावू नका, एवढं बोलून ती स्कूटी काढून गेली. रुपरावनं ऐकलं, आणि त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालून किती गडी गेले होते, आणि काम बिघडलं की प्रत्येक जण हेच म्हणायचा, मुद्दाम ठेवलं मिस्त्री. पोरीचं माप चुकलंय आणि आता कबूल करायची लाज वाटतेय, अशी त्याची खात्रीच झाली. बापाचा जीव आहे हो. चारचौघांत पोरीचं नाक कापलं जाऊ नये म्हणून त्यानं काय केलं ते ऐका.

श्रावणातल्या एका दुपारी, अंगणवाडी सुटल्यावर, तो घमेलं आणि थापी घेऊन चौथ्या खांबापाशी गेला. पुलियावरून नेमका तोच कोपरा दिसायचा. माल धरावा म्हणून त्यानं छन्नीनं खांबाचा रंग खरवडला. तारेची जाळी गुंडाळून आत सारली. बारीक गिट्टी ठासली. मग सिमेंट-रेतीचा एकास तीनचा माल कालवून, देवघराच्या ओट्याला लावावा इतक्या मायेनं, बोटानं दाबून दाबून भरला. त्यावर ओलं पोतं गुंडाळलं आणि आठवडाभर येता-जाता पाणी मारलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, गंज काढून राहिलो. शेवटी वरून हिरवा रंग दिला, खांबाला होता तोच. आता तो कोपरा वाजेना. मधुकरराव म्हणाले, हां, आता कसं मजबूत वाटते. त्या दिवशी रुपरावला भाकर दोन घास जास्त गेली. बाकीचे तीन कोपरेही भरायचे होते. तेवढ्यात त्याची कंबर धरली, आणि मग पाऊस लागला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक निघून दोनच दिवस झाले होते. पावसानं आदल्या दिवसापासून दम घेतला नव्हता. दुपारी एकच्या सुमारास वरच्या अंगाचा तलाव ओसंडल्याची बातमी आली, आणि बातमीच्या पाठोपाठ पाणीच आलं. श्वेता त्या दिवशी रजा टाकून वस्तीतच थांबली होती. तिनं दारोदार फिरून माणसं बाहेर काढली. धडधाकट मंडळी मेन रोडकडे निघून गेली. उरली ती म्हातारी-कोतारी, लेकुरवाळ्या बाया आणि अंगणवाडीतली पोरं, अशी पंचेचाळीस माणसं डोंग्याकडे आली.

रुपरावचं म्हणणं, आपण आपल्या स्लॅबवर जाऊ. त्या स्लॅबखालचा एकेक कॉलम त्यानं स्वतः उभा केला होता. प्रयागबाई ऐकेना.

"मागच्या बारीले तुमच्या स्लॅबवर बसली मी," ती म्हणाली. "आता मले माह्या पोरीच्या घरात बसू द्या."

रुपराव आणि मधुकरराव ह्यांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि घोटाभर पाण्यातून सभागृहात आणली. घर सोडताना कुणी डबे घेतले, कुणी देव घेतले, एका बाईनं मिक्सर घेतला. रुपरावनं आपली अवजारांची थैली घेतली. का घेतली विचाराल तर त्यालाही सांगता आलं नसतं. घराबाहेर पडायचं म्हणजे थैली खांद्याला, एवढंच त्याच्या हातांना माहीत होतं.

श्वेतानं सगळ्यांना मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना वजन सारखं. हौद भरत आला. ड्रमांखाली पाणी गुडगुडलं. आणि मग पायाखालची फरशी हलली. उठलं वं बाई, उठलं, असं पुष्पलताबाई हळूच म्हणाल्या. खरंच उठलं होतं. एक कोपरा वीतभर वर आला, मग दुसरा आला, मग तिसरा.

चौथा आला नाही.

रुपराव भिंतीला टेकून उभा होता. त्याला आधी दिसल्या त्या पोरांच्या पाट्या. त्या आपोआप पुलियाकडच्या कोपऱ्याकडे घसरायला लागल्या. मग पाण्याचा गुंड घसरला. मग प्रयागबाईची खुर्ची, प्रयागबाईसकट. दोघी बायांनी ती कशीबशी धरली. बाहेर पाणी चढत होतं, तीन कोपरे पाण्याबरोबर चढत होते, आणि चौथा होता तिथंच. आता त्या कोपऱ्यातून पाणी आत यायला लागलं. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरं रडायला लागली.

त्या कोपऱ्याखालचे ड्रम फुटले असणार असं श्वेताला वाटलं, आणि दुसरं काही वाटायला कारणच नव्हतं. ड्रम फुटले असतील तर डोंगा कलत कलत उलटणार. तिनं दोर काढला आणि माणसं एकेक करून पुलियापर्यंत सोडायच्या तयारीला लागली. बाहेर छातीभर पाणी, तेही धावतं. आतल्या माणसांत पंधरा पोरं पाच वर्षांच्या आतली, आणि प्रयागबाईसारख्या आठ-दहा जणी ज्यांना सपाट जमिनीवर चालता येत नाही. दोराला धरून त्या पाण्यातून पलीकडे कोण पोचणार होतं, हे तिलाही कळत होतं. पण बसून उलटण्यापेक्षा ते बरं, असा तिचा हिशेब.

आणि ड्रम धडधाकट आहेत हे त्या सगळ्या माणसांत एकट्या रुपरावला माहीत होतं.

एवढ्या लोकांसमोर म्हणायचं काय, की मी केलं हे. ज्यांची घरं ह्या हातांनी बांधली तीच माणसं समोर बसलेली. पण पोरीनं पहिल्या बाईच्या कमरेला दोर बांधायला घेतला, तेव्हा तो पुढे झाला आणि त्यानं दोर तिच्या हातातून काढून घेतला.

"कोणाले उतरवू नको," तो म्हणाला. "ड्रम नाही फुटले. कडं अडकलं आहे. मी सोडवतो."

एवढंच बोलला, पुढचं गिळलं. दोराचं एक टोक आपल्या कमरेला, दुसरं कठड्याला. थैलीतून छन्नी-हातोडा काढला, आणि सदुसष्ट वर्षांचा तो माणूस कठड्यावरून पाण्यात उतरला.

कडं दोन फूट पाण्याखाली गेलं होतं. हौदाच्या काठावर पाय रोवायचे, मांड्यांनी खांब धरायचा, चाचपडत छन्नी टेकवायची आणि पाण्यातून हातोडा मारायचा. पाण्यात हातोडा कधी मारून बघा, निम्मा जोर पाणीच खातं. वरून धार पाठीत ढुशा देत होती. कुणाची चप्पल, कुणाचं पिंप, मारबतीच्या दिवशीची तुटकी पिपाणी, असं काय काय अंगावर येऊन आदळत होतं. त्याला वाटलं होतं, चार घावांत माल ढासळेल. कसला ढासळतो. एकास तीनचा, आठवडाभर पाणी पाजलेला, जाळी घालून ठासलेला. जन्मात त्यानं दुसऱ्यांची कच्ची कामं पुष्कळ फोडली होती. इतकं पक्कं काम कधी हाताला लागलं नव्हतं, आणि ते नेमकं त्याचं स्वतःचं होतं. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हाच. तो स्वतःला शिव्या देत होता, मेलेल्या उस्तादाला देत होता, सिमेंट विकणाऱ्यालाही सोडलं नाही. एक घाव बोटांवर बसला आणि हाताभोवतीचं पाणी क्षणभर लाल झालं. वर श्वेता फरशीच्या कडेला पालथी पडून दोर धरून होती.

पहिला तुकडा निघाला तो लाडवाएवढा. रुपरावनं तो पाण्याबाहेर काढला आणि श्वेतानं पाहिला. करडा माल, आत तारेची जाळी, एका अंगाला हिरवा रंग. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मग तिनं तो तुकडा त्याच्या हातातून घेतला, मान वळवून मागे पाहिलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पाण्यात सोडून दिला.

"अजून आहे का, बाबा?"

"आहे."

"फोडा मग," ती म्हणाली. नंतर मागे तोंड करून तिनं सगळ्यांना खाली बसायला सांगितलं, पोरांना मांडीत घ्या, एकमेकांचे हात धरा, झटका बसेल.

त्यानंतर किती घाव घातले ते रुपरावला कळलं नाही. हात नुसते चालत होते. एका घावाला छन्नी एकदम आत शिरली, गिट्टी भसाभसा खाली गेली, खांबातून कण्हल्यासारखा आवाज आला, आणि चौथा कोपरा सुटला.

सुटला तो एका झटक्यात. आत किंकाळ्या फुटल्या, भांडी गडगडली. त्यानंतर मात्र सगळं सावकाश झालं. बसलेली म्हैस उठते ना, आधी मागचं अंग, मग पुढचं, आणि मग चारी पायांवर निवांत उभी राहते, तसा तो डोंगा उभा राहिला. रुपरावच्या कमरेचा दोर ताणला गेला. त्याला कुणी ओढत नव्हतं. ते घरच त्याला पाण्यातून वर काढत होतं. गळ्याशी होतं ते पाणी छातीशी आलं, छातीचं कमरेशी गेलं, आणि तो खांबाला कवटाळून लोंबकळत असताना ते कडं त्याच्या डोळ्यांदेखत वर सरकलं. मोकळं, सरळ, चारी अंगांनी दोन बोटं जागा ठेवून. कुठं घासलं नाही की अडलं नाही.

मधुकररावांनी आणि दोघांनी मिळून त्याला कठड्यावरून आत ओढलं. जिथं पडला तिथंच तो पडून राहिला, गाल फरशीला टेकलेला. फरशीखाली संथ काहीतरी चाललं होतं, गाईच्या पोटाला कान लावल्यावर लागतं तसं. चाळीस वर्षं त्यानं घरं जमिनीवर बसवली. एकही कधी जागचं हललं नाही, आणि ह्याच गोष्टीची त्याला घमेंड. आणि हे घर पंचेचाळीस माणसं पोटात घेऊन वर चाललं होतं. ना इंजिन, ना क्रेन, ना कुणी हैसा म्हणणारं. ज्या पाण्यानं दोन वर्षांपूर्वी पोरांच्या तोंडचे तांदूळ नेले, तेच पाणी त्याच पोरांना खांद्यावर घेऊन उभं राहत होतं. अरे बापा, असं पण असते का, एवढंच त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

तो कठडा धरून उभा राहिला. समोरच्या लिंबाची खालची फांदी कठड्याशी आली, थोड्या वेळानं कठड्याच्या खाली गेली. पुलिया दिसेनाशी झाली. त्याच्या स्वतःच्या घराची खिडकी बुडाली, मग दार बुडालं, पाणी दारावरच्या लिंटलला लागलं. पाहता पाहता तो आपल्याच स्लॅबकडे वरून बघायला लागला. जिथं मागच्या वेळी प्रयागबाईची बाज ठेवली होती, नेमक्या तिथं विजेचा खांब आडवा झाला होता आणि तारा पसरल्या होत्या. ती हट्टाला पेटली नसती तर आत्ता दोघं तिथं बसलेली असती.

आतली पोरं रडायची थांबली होती. एका पोरीनं कठड्यातून हात घालून लिंबाचा पाला तोडला आणि सगळ्यांना दाखवत सुटली. प्रयागबाई खुर्चीतून वाकली, तळवा फरशीला लावला आणि कपाळाला नेला. तिचं बघून आणखी दोघींनी तसंच केलं.

रुपरावला राहवेना. त्यानं थैलीतून पाणसळ काढली, घर समतल आहे की नाही ते बघायची ती काचेच्या नळीची पट्टी, आणि फरशीवर ठेवली. आतला बुडबुडा थरथरला, इकडे गेला, तिकडे गेला, आणि दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला. त्यानं ती उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली. तिथंही तेच. खाली सात फूट पिसाळलेलं पाणी, आणि वर फरशी अशी की चहाचा कप ठेवला तर सांडू नये. अशी फरशी त्याला पक्क्या जमिनीवरही दोन-तीनदाच जमली होती. देवानं केलं म्हणावं, तर करणारी समोर बसून एका पोराचं नाक पुसत होती. रुपरावच्या डोळ्यांना धार लागली. पावसानं भिजलेला होता म्हणून कुणाला कळलं नाही.

पाच वाजता पाऊस उघडला. मेन रोडकडून रबरी बोट आली. तिच्यात दुधाच्या पिशव्या, बिस्किटं, औषधं, आणि केशरी जाकीट घातलेले वॉर्डाचे साहेब. ते कठडा धरून वर चढले आणि पहिली दोन मिनिटं नुसते बघतच राहिले. सक्करदऱ्याच्या तलावाखालच्या वस्तीत असेच आणखी दोन डोंगे बांधायचे होते, त्यांचे कागद ह्याच साहेबांच्या टेबलावर होते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक. काही अडचण आली का, असं त्यांनी विचारलं.

मधुकरराव पुढे सरसावले आणि त्यांनी सगळं रामायण मीठमसाला लावून सांगितलं. कोपरा कसा अडकला, पाट्या कशा घसरल्या, सगळे कसे उलटणार होते, आणि रुपराव कसा जिवावर उदार होऊन पाण्यात उतरला. हा माणूस नसता तर आज साऱ्या वस्तीत मयती असत्या, साहेब, असं म्हणून त्यांनी रुपरावच्या पाठीवर थाप मारली. शेवटी मिस्त्री तो मिस्त्री, असंही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक तरणी बाई उठली, तिनं आपलं वर्षाचं लेकरू रुपरावच्या पायांवर घातलं.

साहेबांनी वही काढली. आपोआप कोपरा अडकतो म्हणजे बनावटीतच दोष दिसतो, ते म्हणाले, मग सक्करदऱ्याचं काम तूर्त थांबवावं लागेल. त्यांचं तरी काय चुकत होतं. समोर जे सांगितलं गेलं त्यावरून कुणीही हेच लिहिलं असतं. श्वेता एवढंच म्हणाली की हो सर, एक कडं अडकलं होतं, कारण मी शोधते. मान खाली.

रुपराव वाट बघत होता. आत्ता सांगेल, मग सांगेल. पोरगी सांगेना. बापाकडे बघेचना. तेव्हा त्याला उमगलं की ती सांगणारच नाही. बापाचं नाव झाकायला ती आपलं दोन वर्षांचं काम पाण्यात सोडून देत होती, मघाशी तुकडा सोडला तसं. आणि त्याचं काय, त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. टाळ्या वाजल्याच होत्या. मेल्यावरही लोक म्हणाले असते, रुपरावनं वाचवलं.

त्यानं वाकून पायांवरचं लेकरू उचललं आणि आईच्या हातात दिलं.

"साहेब, ते लिहू नका," तो म्हणाला. आवाज फाटला होता, तरी शेवटच्या माणसापर्यंत गेला. "कडं आपोआप नाही अडकलं. मी भरलं होतं. ते फट मोकळीच ठेवाची असते. पोरीनं सांगतलं होतं, हात लावू नका. मले वाटलं तिचं माप चुकलं, म्हणून मी माल ठासला, ह्या हातानं. मी कोणाले वाचवलं नाही. तिचं काम तर उठूनच राहिलं होतं. मीच त्याले धरून ठेवलं होतं."

मधुकररावांचा थाप मारणारा हात थोटा झाल्यासारखा खाली आला. ती तरणी बाई लेकराला छातीशी घट्ट धरून दोन पावलं मागे सरकली. कुणी शिवी दिली असती तर रुपरावला बरं वाटलं असतं, पण कुणी देईना. साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली आणि पूर्ण नाव विचारलं. रुपरावनं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. साहेबांनी तिन्ही लिहून घेतली.

बोट परत निघाली, तशी श्वेता त्याच्याजवळ येऊन खाली बसली. तिचे डोळे भरले होते.

"काहून सांगतलं, बाबा? मी पाहून घेतलं असतं ना."

"सक्करदऱ्यालेबी कोणाची तरी प्रयागबाई असन, बेटा," रुपराव म्हणाला.

श्वेतानं त्याचा फुटलेला हात मांडीवर घेतला आणि ओढणीची कड फाडून बांधायला लागली.